मागावर ठेवलेला हात

आमच्या घरात पहाटेपासून मागाचा आवाज असे. त्या आवाजाला आम्ही इतके सरावलो होतो की तो थांबला की झोपमोड व्हायची. नागपूरच्या पाचपावलीतल्या त्या घरात पुढची खोली मागांची. जमिनीत खोदलेल्या खड्ड्यात पाय सोडून बाबा बसत आणि धोटा इकडून तिकडे पळवत. मागच्या खोलीत आम्ही राहत होतो, म्हणजे मागांना जेवढी जागा नको होती तेवढ्यात. आई खळ शिजवायची. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून मोठ्या गंजात घोटत बसायचं आणि ती पेज गल्लीभर ताणलेल्या सुताला चोळायची, म्हणजे सूत ताठ होतं आणि मागावर तुटत नाही. त्या खळीचा आंबूस वास घरातल्या प्रत्येक कपड्याला होता. माझ्या वेणीलासुद्धा होता. शाळेत मी शेवटच्या बाकावर बसायचे ती अभ्यासात कच्ची होते म्हणून नव्हे. पुढच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. लाज या गोष्टीशी माझी ओळख तशी लवकरच झाली. पण ती लाज वरवरची होती, आंघोळ केली की निम्मी जायची. मी सांगणार आहे ती वेगळी.

आमच्याकडे देवाची शपथ कोणी घेत नसे. देव बिचारे कोनाड्यात निवांत होते. काही खरं-खोटं करायचं असलं की बाबा म्हणत, "ठेव हात," आणि ज्याच्यावर बालंट आलं असेल त्यानं पुढच्या खोलीत जाऊन मागाच्या आडव्या लाकडावर तळहात टेकवून बोलायचं. तिथं बोललेलं शेवटचं. त्यावर कोणी पुन्हा विचारायचं नाही, मनातसुद्धा संशय ठेवायचा नाही. ज्या लाकडानं घर जेवतं त्यावर हात ठेवून माणूस खोटं बोलणार नाही, हा बाबांच्या वडिलांपासून चालत आलेला विश्वास. लहानपणी आम्हा भावंडांत गुळाची ढेप कोणी कोरली याचा तपास लागला तेव्हा मी हात ठेवला आणि तोंड उघडायच्या आधीच भोकाड पसरलं. तेवढ्यानं निकाल लागला.

पुढे लुगड्यांना गिऱ्हाईक कमी होऊ लागलं. यंत्रमागाचं कापड स्वस्त मिळायला लागलं होतं. बाबांनी डोकं लढवलं आणि लष्करी लिलावातून एक जुनी पिकअप घरी आणली. पुढे दोन-तीन माणसं बसतील एवढी जागा, मागे उघडा हौदा, आणि अंगावर हिरव्या रंगाचे पोपडे. गल्लीतल्या विणकरांचं कापड गोळा करून उमरेडच्या बाजारात पोचवायचं आणि येताना मिळेल ते भाडं आणायचं, असा बेत. बाबांना गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. म्हणून आईनं गावाकडून आपल्या धाकट्या भावाला, वसंतामामाला बोलावून घेतलं. मामा उंच, किडकिडीत, सदा शीळ घालणारा. त्याला भाकरीबरोबर तर्री एवढी तिखट लागे की खाताना डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि तो म्हणायचा, "बाई, आज जरा फिकीच झाली वं." आईला तो बाई म्हणायचा. मला शेजारी बसवून गिअर कसा टाकतात ते दाखवायचा. मुलीला हे कशाला, असं त्याला एकदाही वाटलं नाही. मी मामावर जीव टाकत असे, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कोणाच्या बाजूनं बोलते आहे याबद्दल वाचणाऱ्याला शंका राहायला नको.

त्या लिलावात कोणा हवालदारानं बाबांना कानमंत्र दिला होता की लष्करात पेट्रोल चामड्याच्या फडक्यातून गाळून टाकीत ओततात, म्हणून गाड्या टिकतात. बाबांनी त्यातलं अर्धंच उचललं. "गाळायचं तर गाळू. पण चामडं कशाले? कोष्ट्याच्या घरी कापडाचा दुष्काळ आहे का?" झालं. मागावरून नुकतंच उतरलेलं कोरं करकरीत सुती कापड ते हातभर कापून घेत, पंपावर नरसाळ्यात बसवत आणि पेट्रोल त्यातून ओतायला लावत. दर खेपेला नवीन तुकडा. आई जुनेराचं धुतलेलं फडकं पुढे करायची, तर म्हणत, "आपल्या गाडीले फाटकंतुटकं काहून?" पंपावरचा माणूस हसायचा. "रामभाऊ, गाडीले लुगडं नेसवता का गा?" बाबांना ते आवडायचं. मिशीला हात जायचा. आपल्या विणीतून गाळलेलं पेट्रोल आपल्या गाडीच्या पोटात जातं, याचा त्यांना कोण अभिमान!

काही महिने बरे गेले. मग गाडीला ते दुखणं लागलं. सपाटीवर ती एखाद्या गुणी सुनेसारखी चालायची. पण माल भरलेला असला आणि चढ आला, मामानं पाय दाबला, की तिला ठसका लागायचा. धक्के खात खात तिचा दम जाई आणि ती मध्येच मरे. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा निमूट सुरू व्हायची आणि पुढच्या चढाला पुन्हा तेच. आता मी मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर राहते आणि लिफ्ट बंद पडली की माझंही असंच होतं. पहिल्या मजल्यापर्यंत काही नाही, पुढे दम संपतो, कठड्याला धरून उभी राहते, पुन्हा निघते. दर वेळी मला ती गाडी आठवते. माझ्या डॉक्टरांना कारण सापडायला एक चाचणी पुरली. गाडीचं कारण सापडेपर्यंत मात्र आमच्या घरातलं बरंच काही मोडलं.

जरीपटक्याच्या बाजारामागे एका मिस्त्रीचं दुकान होतं, तिकडे गाडी गेली. त्यानं प्लग बदलले, कार्बोरेटर उघडून फुंकला, ब्रेक चाकाला घासतो का तेही पाहिलं. मग बाजारातून सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली आणि गाडी झकास आहे म्हणून परत दिली. सपाटीवर ती झकास होतीच. असं तीनदा झाल्यावर तो हात धुता धुता म्हणाला, "इंजन में तो दम है सेठ. माल देखो. किसी ने मिट्टी का तेल तो नहीं मिलाया?" त्या काळी हे चालायचं. ड्रायव्हर लोक पेट्रोल काढून विकत आणि तेवढं घासलेट टाकीत ओतून माप पुरं करत. मिस्त्री बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्याच्या लेखी विषय संपला होता. बाबांच्या डोक्यात तो तिथे सुरू झाला.

त्या दिवशी आईनं पाटोडीचा रस्सा केला होता. मामा अर्ध्या जेवणावर होता. बाबा दारातूनच म्हणाले, "वसंता, हात धू अन् इकडे ये. ठेव हात."

मामाला आधी कळेचना. "काय विचारून राहिले भाऊजी तुम्ही?"

"पेट्रोलचं विचारून राहिलो."

मामानं आईकडे पाहिलं. आई चुलीपुढून उठली नाही, पण तिचा पळा रश्शातच थांबला. मामानं हात धुतले, नीट पुसले, पुढच्या खोलीत गेला आणि मागाच्या लाकडावर तळहात टेकवला. "म्या पेट्रोल इकलं नाही. म्या घासलेट टाकलं नाही. टाकलं असंल तर हा हात झडो." खोलीत सगळे माग त्या क्षणी बंद होते. आई आतून म्हणाली, "झालं?" बाबा म्हणाले, "झालं." मामा परत येऊन बसला आणि पानातलं सगळं संपवून उठला. रस्सा फिका आहे असं काही तो त्या दिवशी म्हणाला नाही.

मला वाटलं, खरंच झालं. पण नंतर मी पाहिलं की गाडी आली की बाबा टाकीचं झाकण उघडून नाक लावतात. मी पाहिलं ते मामानंही पाहिलं होतं. 

उन्हाळ्यात बाबांच्या चुलतभावाच्या मुलाचं, मनोहरचं लग्न ठरलं. नवरी छिंदवाड्याची. वऱ्हाड आमच्याच पिकअपमधून जाणार होतं आणि त्यात आईची एक गुपचूप गोष्ट होती. नवरीच्या पाठची बहीण मामासाठी मनात भरली होती. बोलणं जवळजवळ झालं होतं, त्याच मांडवात सुपारी फोडायची होती. त्या मुलीसाठी बाबांनी स्वतः लुगडं विणलं होतं, लाल काठाचं, पोपटी. संशय एका बाजूला आणि हे दुसऱ्या बाजूला, दोन्ही त्यांच्या मनात एकत्र कसं नांदत होतं कोण जाणे. माणसाचं मन मला अजून कळलेलं नाही आणि आता कळायचं वयही राहिलं नाही.

हौद्यात सतरंज्या टाकून बायका बसल्या होत्या, पुढे नवरदेव आणि वाट दाखवायला आलेला नवरीचा काका. सौंसरपर्यंत गाणी, ठेचा-पोळ्या, हसणं-खिदळणं. सौंसर मागे पडल्यावर काही वेळानं सिल्लेवानीचा घाट लागला. दोन्ही बाजूंना उन्हानं पानं झडलेला साग. पहिल्या वळणाला गाडीला ठसका लागला, दुसऱ्याला ती मेली. आम्ही वाट पाहिली. ती सुरू झाली, थोडी चढली, पुन्हा मेली. मग बायका उतरल्या. नथी घातलेल्या, हळदीकुंकवाच्या, ठेवणीतली लुगडी नेसलेल्या आमच्या काकू-आत्या तापलेल्या डांबरावरून घाट चढू लागल्या. पुरुषांनी गाडीला खांदा दिला. बाशिंग बांधायच्या वयाचा नवरदेव घामानं निथळत मागून ढकलत होता आणि एसटीतून जाणारे लोक खिडक्यांतून डोकी काढून हसत होते. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून लाजेनं अर्धी झाले होते. पण ती अजून गाडीची लाज होती.

चौथ्यांदा गाडी मेली तेव्हा बाबांनी मामाची बाही धरून त्याला खाली ओढलं. त्यांचा आवाज एरवी मागाच्या वर जात नसे, त्या दिवशी तो दरीत घुमला. "मागावर हात ठेवून खोटं बोलला हा! घासलेट पाजून राहिला गाडीले अन् पेट्रोल इकून राहिला! बहिणीच्या घरचं खाऊन बहिणीच्याच घरात चोरी!"

मामा म्हणाला, "भाऊजी, म्या हात ठेवला होता."

"तुह्या हाताची किंमत कळली मले!"

सगळं वऱ्हाड ऐकत होतं. नवरीचा काका ऐकत होता. आई बायकांच्या मागे उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला, उन्हासाठी ओढावा तसा. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. माझ्या बापानं हे करावं, असं, सगळ्यांसमोर, लग्नाच्या वाटेवर! मी बाबांकडे पाहू शकले नाही, मामाकडे त्याहून नाही. मी माझ्या नव्या चपलांकडे पाहत राहिले. त्या चपलांचा निळा पट्टा मला अजून दिसतो.

शेवटी लाकडं वाहणाऱ्या एका रिकाम्या ट्रकनं दोर बांधून आमची गाडी घाटावर ओढून नेली आणि पुढे थेट छिंदवाड्यापर्यंत नेऊन पोचवली, कारण मामानं सुकाणू धरलं तरी इंजिनाला हात लावायला तो तयार नव्हता. मांडवाच्या दारात वाजंत्री थांबली. दोराला बांधून आणलेलं वऱ्हाड त्या गावानं तोवर पाहिलं नसावं. मुहूर्त टळला होता, भटजींनी दुसरा काढला. लग्न लागलं. सुपारीचा विषय कोणी काढला नाही. काकानं सांगायचं ते सांगितलं होतं. नवरीचे वडील गणपतराव आम्हाला पंगतीत आग्रह करकरून वाढत होते आणि मामाच्या पानासमोर येताच मुकाट्यानं पुढे सरकत होते. पोपटी लुगडं जसं नेलं तसं घडी न मोडता परत आलं.

येताना घाट उताराचा, म्हणून मामानंच गाडी घरी आणली. परतल्यावर तो घरात झोपायला आला नाही, गाडीच्या हौद्यात झोपला. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा आई आधीच तिथे होती. मामा तिला सांगत होता, "बाई, म्या जातो. पण गाडी कशानं मरते ते दावून जातो. घासलेट असतं तर सपाटीवर धूर नसता सोडला का तिनं? अन् उभी ठेवली की पुन्हा चालते. उभ्या उभ्या घासलेटाचं पेट्रोल होते का? तिले तहान लागून राहिली. सपाटीवर घोटभर पुरते. चढावर तिले जास्त पाहिजे, अन् ते कुठंतरी अडून राहिलं."

मला पटलं. आईलाही पटलं असावं, कारण ती सरळ पुढच्या खोलीत गेली आणि बाबांना म्हणाली, "उठा. गाडीत बसा." त्या आवाजात ती त्यांच्याशी पूर्वी कधी बोलली नव्हती. बाबा उठले.

आमच्या सपाट नागपुरात चढ म्हणावा असा सेमिनरी हिलचा. घरातल्या सुताच्या गाठी आणि पाण्यानं भरलेले पिंप हौद्यात चढवून आम्ही चौघं तिकडे गेलो. पहिल्या खेपेला गाडी निम्म्या चढावर मेली, ठरल्यासारखी. मग मामानं तिच्याच टाकीतून, बाबांच्या डोळ्यांसमोर, दुधाच्या किटलीत पेट्रोल काढलं. "तोच माल आहे भाऊजी. वास घ्या." बाबांनी घेतला नाही. मामानं टाकीकडून येणारी नळी सोडवली, इंजिनाच्या पंपाला एक रबरी नळी जोडली आणि तिचं दुसरं तोंड किटलीत सोडलं. किटली धरणार कोण? "तुम्ही धरा," आई बाबांना म्हणाली. तर असे माझे बाबा, धोतर खोचून, गाडीच्या मडगार्डवर एका मांडीवर बसलेले, एका हातानं उघडं बॉनेट धरलेलं आणि दुसऱ्या हातात दुधाची किटली. फिरायला आलेले लोक थांबून पाहत होते. आज हे आठवलं की अंगावर काटा येतो. गरम इंजिनाशेजारी उघडं पेट्रोल! पण तेव्हा भीती कोणालाच वाटली नाही, घरात त्याहून मोठं काही पेटलेलं होतं.

गाडी चढली. ठसका नाही, धक्का नाही. मी आणि आई गाठींवर बसून झाडांचे शेंडे मागे जाताना पाहत होतो. वर पोचल्यावर मामानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून नुसता उभा राहिला.  बाबा मडगार्डवरच बसून होते. किटली त्यांनी अजून छातीशी धरली होती.

घरी मागच्या अंगणात मामानं टाकी खाली उतरवली. ज्या तोंडातून पेट्रोल नळीत जातं तिथे तारेची बारीक जाळी होती. ती जाळी दिसत नव्हती. तिच्यावर पांढुरका, गिळगिळीत थर होता, लापशीसारखा, आणि त्यात सुताचे बारीक तंतू. टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात तसाच चिखल. मामा बुचकळ्यात पडला. "हे काय आहे गा?" आईनं बोटावर तो थर घेतला, अंगठ्यानं चोळला. पेट्रोलचा वास होताच, पण ओळखायला तिच्या बोटांना वास लागत नव्हता. उभा जन्म तिनं तेच चोळलं होतं.

"खळ आहे," ती म्हणाली.

कोऱ्या कापडाची खळ. दर खेपेला नवा तुकडा, दर तुकड्याची भुकटी आणि तंतू टाकीत. जुनेराच्या फडक्यात ना खळ राहिली असती ना तंतू. आईनं बाबांचा हात धरला, तळहात उघडला आणि तो थर त्यावर पुसला. बाबांनी हाताकडे पाहिलं. मग ते आत गेले, मागाच्या खड्ड्यात उतरले आणि विणू लागले. दुपारच्या जेवणाला उठले नाहीत. मला त्यांची कीव यावी असं ते दृश्य होतं, पण मला कीव आली नाही, लाजच आली. माफी मागायची सोडून हा माणूस कापड विणतो आहे!

आई दारात उभी राहून म्हणाली, "वऱ्हाडात बोलले, वऱ्हाडातच सांगा." आणि मामाला तिनं थांबवून घेतलं. मनोहरच्या घरी सत्यनारायण होता, गणपतराव लेकीला माहेरी न्यायला येणार होते. घाटातली सगळी मंडळी जमणार होती.

तिथल्या पंगतीत बाबा आणि गणपतराव समोरासमोर बसले. मामा वाढत होता. त्याला आईनंच ओढून आणलं होतं. गोळाभातावर फोडणीचं तेल घालायला तो ओळीनं येऊ लागला तसा मी श्वास धरला. बाबा खाकरले. "गाडी सुधरली बरं का," ते म्हणाले. "दोष टाकीत होता." एवढंच. आणि मान खाली घालून भात कालवू लागले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. एवढंच? टाकीत होता? टाकीत कोणी घातला? नवरीचा तो काका हसून म्हणाला, "टाकीत काय होतं रामभाऊ? घासलेटच ना?"

पंगत थांबली. बाबा भात कालवत राहिले. तेव्हा मामाच बोलला, तेलाची वाटी हातात धरून, अगदी सहज. "काही नाही जी. रस्त्याची धूळ होती. जुनी गाडी, साचते."

त्यानं बाबांना वाचवलं. ज्यानं त्याला घाटात सगळ्यांसमोर चोर म्हटलं त्याची अब्रू त्यानं तेवढ्याच लोकांसमोर झाकली. मी खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, बरं झालं, धुळीवर मिटलं. इतकी मी त्या बापाची लेक होते. पण बाबांचा घास हातातच राहिला. तो त्यांनी पानात परत ठेवला आणि उष्ट्या हातानं उठून उभे राहिले. पंगतीतून मध्येच उठणं म्हणजे वाढणाऱ्याचा अपमान, हे त्यांना माहीत होतं.

"धूळ नव्हती," ते म्हणाले.  "माह्या मागाची खळ होती. म्या गाळून राहिलो होतो पेट्रोल, म्या. वसंतानं काही केलं नाही. म्या घाटात जे बोललो ते खोटं बोललो."

 मग गणपतराव म्हणाले, "बसा रामभाऊ. वसंतराव, वाढा त्यायले." वसंतराव! मामानं बाबांच्या पानात तेल वाढलं. बाबा बसले.

सुपारी पुढच्याच महिन्यात फुटली. पोपटी लुगडं ज्या मुलीसाठी होतं तिच्याच अंगावर गेलं. सगळं सुरळीत झालं असं गल्ली म्हणाली आणि मीही म्हणाले. फक्त मामा आमच्या घरी परत आला नाही. तो उमरेडला कोळशाच्या खाणीवर गाडी चालवायला लागला. बाबा मला सोबत घेऊन एसटीनं त्याला आणायला गेले. बसस्टँडबाहेरच्या हॉटेलात आम्ही बसलो. बाबांनी त्याच्यासाठी तर्रीपोहे मागवले, झणझणीत करायला सांगितले. "चाल घरी," ते म्हणाले. "गाडी तुह्यावाचून उभी आहे. लोकांत बोललो होतो, लोकांत परत घेतलं. आता कायचा राग?"

मामानं पोहे खाल्ले. डोळ्यांत पाणी आलं, पण तर्री तिखट होती. "राग नाही भाऊजी," तो म्हणाला. "चोर म्हणाले तुम्ही, ते तुम्ही परत घेतलं. पण त्याच्या आधी म्या मागावर हात ठेवला होता. तुम्ही 'झालं' म्हणाले. अन् मग टाकीले नाक लावून राहिले."

बाबांनी उठून पोह्यांचे पैसे दिले. परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले आणि मी त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे पाहत राहिले. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. घरात खरं-खोटं करायचे प्रसंग आले, माझ्या भावंडांचे आले, माझेही आले. पण मागावर हात ठेवायला त्यांनी पुन्हा कधी कोणाला सांगितलं नाही.